खो मिळेपर्यंत

या खेपेची पत्रं पडवीत बसून वाचली. बाहेर पागोळ्या धो धो वाहत होत्या आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात तोच पाऊस होता. मैदानात पाणी, सराव बंद, नाटकाची तालीम कुठे घ्यायची, मुलगा घरी भिजून येतो.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका मुलांच्या हायस्कुलात मी 31 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. पहिल्याच वर्षी नाटक बसवायला कोणी पुढे येईना म्हणून तेही माझ्याकडे आलं आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं. आपल्याकडचं पहिलं सत्र जूनच्या मध्यावर सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. त्यात लावणी येते, गणपतीची सुट्टी येते आणि उरलेल्या दिवसांत पाऊस. कोरडी संध्याकाळ हाताच्या बोटांवर मोजावी लागते. मुलांच्या खेळाचे आणि नाटकाचे बहुतेक प्रश्न त्यातूनच उभे राहतात.

माझा मुलगा आठवीत आहे. यंदा तो शाळेच्या खो-खो संघात निवडला गेला. सराव साडेसहापर्यंत चालतो आणि शेवटची एसटी चुकली की चार किलोमीटर चालत यावं लागतं. घटक चाचणीत गणितात त्याला 20 पैकी 7 मिळाले. त्याचे वडील म्हणतात, खेळ बंद. मी काय करू? – एक आई, गुहागर तालुका

ताई, आधी एसटीचं बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी अडचण ती आहे आणि सुटण्यासारखीही तीच आहे. तुम्ही दोघं शाळेत जा, मुलाच्या सरांना भेटा आणि गाडीची वेळ सांगा. बहुतेक वेळा सरांना ती ठाऊकच नसते, आणि मुलगा सांगत नाही, कारण ‘गाडी आहे’ म्हटलं की आपलं नाव यादीतून जाईल अशी त्याला धास्ती असते. माझ्या मैदानावर एसटीची मुलं आधी पळायची. त्यांचा पाठलाग, त्यांचं सूर मारणं, सगळं साडेपाचपर्यंत उरकायचं आणि पावणेसहाला ती नाक्यावर उभी असायची. गावातली मुलं मागाहून. एवढं करायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या सरांनाही जमेल.

आता गणित. 7 गुण हे खेळाचं फळ आहे असं वडिलांना वाटतं, ते मला समजतं. पण चाचणीचा पेपर मागवून घ्या आणि कोणत्या उदाहरणांत गुण गेले ते बघा. आठवीत निम्म्या मुलांचं घोडं बैजिक राशींच्या चिन्हांपाशी अडतं. ते महिनाभर रोज सकाळी अर्धा तास बसलं तर सुटतं. खेळ सोडून संध्याकाळी मोकळा झालेला मुलगा पुस्तकापाशी बसतो, असं मी 31 वर्षांत फार कमी पाहिलं. तो साकवावर जाऊन बसतो, हल्ली हातात मोबाइल घेऊन.

आणखी एक गोष्ट त्याच्या वडिलांना सांगा. खो-खोत आठ जण मैदानाच्या मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पळतो. पळणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. मधली पाटी ओलांडता येत नाही. पुढे निसटलेला गडी पकडायचा तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचं, एवढाच मार्ग. ऐन हंगामात एक मुलगा काढला तर बाकी आठांची महिनाभर बसवलेली साखळी विस्कटते. तालुक्याच्या शालेय स्पर्धा दिवाळीआधी होऊन जातात. तोवर त्याला खेळू द्या. मोबदल्यात पहाटेचा अर्धा तास गणिताचा, हा शब्द त्याच्याकडून घ्या. आणि तो पाळतो की नाही, हे वडिलांनीच शेजारी बसून बघावं. लावणीच्या दिवसांत त्यांना ते जड जाईल, पण चार दिवस जरी बसले तरी मुलगा ते विसरणार नाही.

मी राजापूर तालुक्यातल्या मुलांच्या शाळेत नवीन शिक्षक आहे. स्नेहसंमेलनासाठी एकांकिका निवडली आहे. तिच्यात आई, आजी आणि सून अशा तीन स्त्रीभूमिका आहेत. एकही मुलगा तयार नाही. सरळ नावं लिहून टाकावीत का? मुख्याध्यापक तेच म्हणतात. – वि. ज.

नका लिहू. हे मी एवढ्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे.

1995 साली, नोकरीचं तिसरं वर्ष असेल, मी नववीच्या वर्गात उभा राहून भूमिकांची यादी वाचली. एका मुलाचा आवाज बारीक होता. मी म्हणालो, ‘तू सून.’ वर्ग हसला. मला त्यात काही वाटलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘सूनबाई’ पडलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत यायचा बंद झाला. अकराव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. ते एवढंच म्हणाले, ‘मास्तर, त्याला विचारला असतात तर तो बहुतेक हो म्हणाला असता.’ आईने चहा दिला. मुलगा माजघरातून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात उभा राहून चूक माझी होती असं सांगितलं. तो परत आला. सून झाला नाही, मीही विचारलं नाही. त्याने प्रकाशयोजना मागून घेतली. दोन दिवे आणि मिठाच्या पाण्याचा डिमर, तेव्हा खेडोपाडी तोच असायचा. (आज कुठल्याही शाळेने तो वापरू नये, उघड्या पाण्यात वीज सोडणं जिवावर बेतू शकतं.) प्रयोगात आजी मरते तेव्हा दिवा इतका हळू उतरला की पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या.

तेव्हापासून मी असं करत आलो. पहिले आठ दिवस भूमिका वाटायच्याच नाहीत. सगळ्यांनी सगळ्यांची वाक्यं वाचायची, आजीची सुद्धा. मग मुलांना घरी एक काम द्यायचं: आपल्या आजीला तांदूळ निवडताना दहा मिनिटं बघायचं आणि उद्या करून दाखवायचं. एका पोराने सूप नसताना नुसत्या हातांनी ते दाखवलं. डाव्या हाताने सूप किंचित कलतं, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी खडा उचलते, खडा बाजूला टाकताना नजर सुपातच असते आणि बोलणं मात्र समोरच्याशी चालू. मधेच थांबून ती कमरेला हात लावते. तो पोरगा आजीच झाला होता. वर्गात कोणी हसलं नाही. ‘ही भूमिका तू करशील का?’ हा प्रश्न मी त्यानंतर विचारला, तोही व्हरांड्यात, एकट्याला.

नऊवारी नेसवायला शाळेतल्या कुणाची तरी आई बोलवा. लुगडं प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढलं तर मुलगा पायात अडखळतो आणि प्रेक्षक हसतात. पंधरा दिवस आधीपासून तालमीत नेसवा. पायांतलं अंतर कमी होतं, बसताना आधी कासोटा सावरावा लागतो, हे सगळं शरीराला कळलं की आवाज मुद्दाम बारीक करावा लागत नाही. नववीत कंठ फुटत असतो, त्या आवाजाची ओढाताण करू नका. आजी घोगऱ्या आवाजातही आजीच वाटते.

मुलं म्हणतील, बाईचं काम पुरुषाने करायचं म्हणजे लाज. त्यांना सिंधुदुर्गातला दशावतार दाखवा. शक्य असेल तर दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की एका रात्री घेऊनच जा. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. राजाचं सिंहासन म्हणजे एक बाकडं, साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. राणीचं काम करणारा पुरुष पहाटेपर्यंत ती अदब सोडत नाही. देवळासमोर बसलेल्या गावातल्या कोणालाही त्यात कमीपणा दिसत नाही. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरोघरच्या बायका करत होत्या, हेही सांगा. पण जत्रेतला एक तास माझ्या-तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त काम करील.

एवढं करूनही कोणी तयार झालं नाही तर एकांकिका बदला. मुलगा बदलू नका.

तालमीच्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंत की पत्र्यावरच्या पावसात वाक्य ऐकू येत नाही. त्या पत्र्याखालीच तालीम घ्या. त्या आवाजावर मात करून शेवटच्या बाकावर पोचलेलं वाक्य जानेवारीत उघड्या मंडपात सहज पोचतं. फक्त घसा ताणून ओरडू देऊ नका. मी कबड्डीच्या मुलांना पुढे करायचो. चढाई 30 सेकंदांची असते आणि ती एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत करायची. तो दम पोटातून येतो. चढाई करणाऱ्या मुलाच्या पोटावर बाकीच्यांना हात ठेवायला लावायचो, आणि मग त्याच दमावर आजीचं लांब वाक्य म्हणायला. कबड्डीच्या मुलांना नाटकात मान मिळाला आणि नाटकातली दोन मुलं पुढच्या वर्षी चढाईला उतरली.

शाळेच्या अडगळीत जुना सागवानी मल्लखांब सापडला. मुलांना शिकवायची इच्छा आहे. कोणतं तेल लावायचं आणि कुठे पुरायचा? – एक माजी विद्यार्थी, लांजा

तेल एरंडेल. पण तेलाच्या आधी खांब आडवा ठेवून बुंध्यापासून बोंडापर्यंत हाताने चाचपा. वाळवीने पोखरलेला खांब वरून धड दिसतो, ठोकला की पोकळ वाजतो. मानेजवळ चीर असेल तर तो खांब शोभेला ठेवा, त्यावर मूल चढवू नका. धड असेल तर काचपेपरने गुळगुळीत करा, एरंडेल जिरू द्या, हाताची पकड बसावी म्हणून राळ हाताशी ठेवा. आपल्या जांभ्या मातीत पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो आणि खांब बुडातून कुजतो, म्हणून छपराखाली पुरा. भोवती जाड गाद्या हव्यातच.

आणि शिकवणारा हवा. नुसतं पाहून शिकवू नका. सलामी, साधी आढी म्हणजे पायांची पकड, उतरताना हात कुठे ठेवायचे, एवढ्यावर पहिलं सत्र गेलं तरी चालेल. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली आणि ती शिष्याने गुरूच्या डोळ्यांसमोर करत करत आपल्यापर्यंत आली. जिल्ह्यात शिकवणारा मिळेपर्यंत थांबा. खांबाला घाई नाही.

आमच्या शाळेत विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, वाङ्मय मंडळ सगळं आहे, पण कागदावर. उद्घाटन होतं, फोटो निघतो, संपलं. पैसे नाहीत. कशापासून सुरुवात करू? – मुख्याध्यापक, मंडणगड तालुका

एका मंडळापासून आणि एका वहीपासून. तुमची शाळा समुद्राजवळ आहे असं पत्रावरून दिसतं, तेव्हा भरतीची वही सुरू करा.

आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते आणि दुसऱ्या दिवशी ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तेच या पाऊणपटीमागचं गणित. मुलांनी महिनाभर रोज धक्क्यावरच्या एका ठरलेल्या दगडावर पाणी कुठवर आलं ते बघायचं, वेळ लिहायची आणि हिशेबाशी ताडून पाहायची. कधी अर्धा तास चुकेल. का चुकलं यावर वर्गात जे बोलणं होईल ते विज्ञान मंडळ. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, यांतला फरक दगडावर डोळ्यांनी दिसतो. माझ्या शाळेत हे सुरू केलं तेव्हा कधी तोंड न उघडणारा एक कोळ्याचा मुलगा आपसूक मंडळाचा प्रमुख झाला. भांगात जाळं कुठे टाकतात आणि उधाणात कुठे, हे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी त्याच्या शेजारी वही घेऊन बसलो.

पावसाचंही मोजमाप ठेवा. सरळ कडांचा कोणताही डबा उघड्यावर ठेवला आणि सकाळी पट्टी बुडवली की किती मिलिमीटर पाऊस झाला ते कळतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे वाचणं वेगळं आणि जुलैच्या एका रात्रीत डबा वीतभर भरलेला पाहणं वेगळं.

दुसऱ्या सत्रासाठी तुमच्याच तालुक्यात वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण गावकऱ्यांच्या हाताने उभं केलं. माद्या हिवाळ्यात वाळूत अंडी घालून जातात, पिल्लं साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर येतात. मुलांना नुसतं दाखवायला नेऊ नका. ज्या गावकऱ्यांनी रात्री किनाऱ्यावर गस्त घातली त्यांच्याशी बोलायला लावा आणि ते बोलणं लिहून काढायला सांगा. वाङ्मय मंडळाचं हस्तलिखित त्यातूनच निघेल. उद्घाटन मात्र यंदा करू नका. हस्तलिखित तयार झालं की त्याचं प्रकाशन करा.

सर, मी नववीत आहे. दोन वर्षं खो-खोच्या बारा जणांच्या यादीत माझं नाव असतं, पण नऊ जण उतरतात आणि मी बाहेर बसतो. एकदाही मैदानात गेलो नाही. वर्गात मला ‘पाणीवाला’ म्हणतात. सोडू का? सरांना सांगायची भीती वाटते. – नाव छापू नये, रत्नागिरी तालुका

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन वर्षांत तुझ्या सरांनी तुला जवळ बोलावून का उतरवत नाही हे सांगितलं नसेल, तर ती त्यांची चूक आहे. एक शिक्षक म्हणून मी ते लिहून देतो. तू जाऊन विचार. ‘मला का घेत नाही?’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर देताना मोठी माणसं गडबडतात. ‘मी कोणत्या दोन गोष्टी सुधारू?’ असं विचार. ती दोन उत्तरं वहीत लिही, आणि सरावात शेवटची दहा मिनिटं पाटीवर बसायला माग. सामन्यात नसली तरी सरावात ती जागा तुझ्या हक्काची आहे.

दुसरं, बाहेर बसतोस तेव्हा काय बघतोस? माझ्याकडे तुझ्यासारखाच एक मुलगा होता. तो समोरच्या संघाच्या तुकड्या लिहून ठेवायचा. तीन-तीन जण उतरतात ना, त्यांतला कोण रिंगण पळतो, कोण दुहेरी साखळी पळतो, खांबाजवळ कोण डावीकडेच वळतो. मध्यंतरात तो कर्णधाराच्या कानात दोन वाक्यं सांगायचा. एका सामन्यात त्याने सांगितलं, ‘त्यांचा उंच पोरगा खांबापाशी मागे वळून बघतो,’ आणि आमच्या मुलाने तिथेच सूर मारून त्याला टिपलं. पुढच्या सामन्यात त्याला घेऊ या असं कर्णधारच म्हणाला. तुला घेतीलच असं मी म्हणत नाही. पण ती वही कर.

पाणी देण्यात लाज नाही, पण त्या नावाने हाक मारणाऱ्याला एकदा शांतपणे सांग की माझं नाव घे. दुसऱ्यांदाही तसंच बोलला तर सरांना सांग. ही चुगली होत नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत आपण नेपाळला हरवलं. ते सामने पुन्हा बघायला मिळाले तर पळणाऱ्याला सोड, पाटीवर बसलेल्यांकडे बघ. बोटांची टोकं जमिनीवर, वजन पंजांवर, एक पाय किंचित पुढे. नुसतं बसून राहिलेलं कोणी दिसणार नाही. खो पाठीवर येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताचा स्पर्श आणि शब्द एकदम येतात आणि त्याच क्षणी उठायचं असतं. हे तुला मैदानाशिवायही करता येईल. शाळेच्या व्हरांड्यात एका मित्राला मागे उभा कर आणि डोळे मिटून पाटीवर बसतात तसा बस. त्याला हवं तेव्हा तो खो देईल, लगेच किंवा दोन मिनिटांनी. उठून तिसऱ्या पावलावर किती वेगात आहेस ते त्याला बघायला सांग. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. रोज वीस वेळा. पंधरा दिवस हे कर, मग सरांकडे जा, आणि काय म्हणाले ते मला कळव.